नऊ नंबरचा आंबा

ती वाट आम्ही शोधून काढली, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. खरं तर त्या खोऱ्यातली माणसं आमचे आजोबा जन्मायच्या आधीपासून तिच्यावरून गवताचे भारे आणत होती. पण आम्ही पडलो मुलुंडचे, नोकरीला लागलेले, खिशात होकायंत्र बाळगणारे. आम्ही जिथे पहिल्यांदा पोचू ती जागा त्याच दिवशी जन्माला आली, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

ऐंशीनंतरची तीन-चार वर्षं ती. मी बँकेत कारकून होतो आणि कॉलनीतल्या सहा जणांचं आमचं सायकल मंडळ होतं. आज त्या खेळाला इंग्रजी नाव आहे, जाड टायर आहेत, गुडघ्यांना बांधायच्या ढाली आहेत. आमच्याकडे दूधवाल्याकडे असते तसली काळी, जड सायकल होती. गिअर नव्हते आणि उतारावर थांबायचं की नाही हे ब्रेकच्या मर्जीवर होतं. रविवारी पहाटे निघायचं, ठाणं मागे टाकून घोडबंदरच्या रस्त्याला लागायचं आणि डावीकडे डोंगरात शिरणाऱ्या बैलगाडीच्या चाकोरीत सायकल घालायची. आत एक खोरं होतं. मधून ओढा, दोन्ही अंगांना साग आणि ऐन, आणि ओढ्याच्या काठाकाठाने चढत-उतरत जाणारी अशी पायवाट की तिच्यावरून सायकल सोडली की तोंडातून आपोआप आरोळी निघायची. इतका निखळ आनंद मला नंतर फारसा मिळाला नाही. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे जे आहे त्यात आनंदाचं काही नाही.

वाटेच्या मध्यावर एक कुडाचं घर होतं. पन्नाशीतलं जोडपं राहायचं, मुली लग्न होऊन गेलेल्या. आम्ही त्यांना मावशी आणि काका म्हणायचो. घरासमोर रायवळ आंब्याचं मोठं झाड होतं. मावशी लग्न होऊन आली त्या वर्षी तिने स्वतः कोय पुरली होती, आणि हे ती आम्हाला दर वेळी नव्याने सांगायची. काका पाणी द्यायचा, सायकलची घंटा एकदा वाजवून बघायचा आणि हसायचा. बस्, एवढीच ओळख. पण घरी आल्यावर आम्ही ‘आमचे खोऱ्यातले काका-मावशी’ असं बोलायचो, जणू काही नातं लागत होतं.

मंडळाची एक पद्धत होती. वर्षातून एकदा बाहेरच्यांनाही घेऊन मोठी सहल निघायची; तिच्या आधी एकाने एकट्याने जाऊन सगळी वाट फिरून यायची आणि प्रत्येक फाट्यावर खडूने बाण काढायचा. सायकलवर नकाशा बघता येत नाही, समोर बघावं लागतं. हे काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा भलता अभिमान होता. एका वर्षी दवाने खडू पुसला गेला, घाटकोपरहून आलेले एक गृहस्थ भलत्याच फाट्याला गेले आणि दुपारपर्यंत सापडले नाहीत. सापडल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर माझी जी काढली ती मी विसरलो नाही. पुढच्या जानेवारीत चाळीस जणांची सहल ठरली तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता बघाच.

घरी खिडक्यांचे गज रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट होता. तो आणि ब्रश कॅरिअरला बांधून मी सहलीच्या तीन आठवडे आधी निघालो. बाणांशेजारी आकडेही टाकायचे ठरवले. कोणी पंक्चर होऊन मागे राहिला तर ‘सात आणि आठच्या मध्ये’ असं सांगता यावं. खडकांवर रंग छान बसला. नऊ नंबर मावशीच्या आंब्यावर यायचा होता. घरी कोणी नव्हतं, दोघं बाजाराला गेली असावीत. खोडाची साल खडबडीत, रंग धरेना. मग मी चाकूने वीतभर साल तासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर ठसठशीत ९ काढला. चार पावलं मागे जाऊन बघितला. सुरेख आला होता. झाडाला मोहोर धरला होता, त्याचा वास अजून आठवतो.

बँकेतल्या सायक्लोस्टाइल मशीनवर मी चाळीस प्रती काढल्या. त्यात लिहिलं होतं: ‘नऊ नंबर – आंब्याची सावली. जेवण.’

सहलीच्या दिवशी मी सर्वांत पुढे होतो. आठ नंबरचा चढ संपला की समोर झाडाचा शेंडा दिसायचा. त्या दिवशी तिथे नुसतं आभाळ होतं. मला वाटलं, माझंच काही चुकलं. वळण घेतलं तर अंगणभर भुसा पडलेला, मधोमध ताजा बुंधा, आणि तुटलेल्या डहाळ्यांवरचा वाळका मोहोर शेळ्या खात होत्या.

काका पुढे आला, पण घंटा वाजवायला नाही. तो म्हणाला, “खात्याची मानसं आली व्हती, दादा. आमी बाजाराला गेल्यालो. साल काडून नंबर टाकून गेली.”

जंगलखातं झाड तोडायचं ठरवतं तेव्हा साल तासून आकडा टाकतं, हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. त्यातून जंगलाची हद्द वाढणार, घरं उठणार, अशी आवई त्या भागात वर्षभर होतीच. काकाकडे जागेचा कागद नव्हता. सरकारने मोजलेलं झाड सरकारचं होणार, मग त्याआधी आपणच विकलेलं काय वाईट, असा विचार करून त्याने वखारवाल्याला बोलावलं. दोन दिवसांत झाड गेलं. फक्त आकडा असलेला ओंडका त्याने विकला नाही. उद्या साहेब आला आणि नंबर कुठे म्हणाला तर दाखवायला हवा ना! तो त्याने भिंतीला लावून ठेवला होता.

मावशी मला हाताला धरून तिथे घेऊन गेली. “तुमी शिकल्याली मानसं. हे वाचून सांगा, घर पन नेतील का?”

मी माझाच ९ बघत उभा राहिलो. त्याची शेपटी मी काढतो तशीच डावीकडे वळलेली होती.

मागून एकेक सायकल येत होती. प्रत्येकाच्या खिशात माझा कागद. कोणीतरी मोठ्याने म्हणालंच, “अरे, हाच ना आपला नऊ नंबर? सावली कुठाय?” माझ्या बँकेतल्या मित्राला सगळं एका क्षणात कळलं. त्याने त्या माणसाला दटावलं आणि मला बाजूला ओढलं.

“तू काय बोलू नकोस हां. चाळीस जण आहेत यार, बायका आहेत. कोयता काढला ना त्यानं, तर वाट लागेल.”

“अरे, पण त्यांना सांगायला नको?”

“सांग ना, नंतर सांग. झाड काय परत चिकटणारे का?”

कोयत्याची भीती वगैरे सगळं खोटं. काकाने आयुष्यात आमच्यावर आवाजसुद्धा चढवला नसता. मला लाज झाकायला कारण हवं होतं, ते मित्राने दिलं आणि मी घेतलं. मी मावशीला म्हणालो, “घर नाही नेणार. मी ऑफिसात विचारतो.” कुठलं ऑफिस, हे तिने विचारलं नाही. मग आम्ही चाळीस जणांनी उन्हात बसून पुरी-भाजी खाल्ली. दोघं-तिघं तर त्या बुंध्यावरच बसले. मी त्यांना उठवलं नाही, याचा मला आजही स्वतःचा संताप येतो.

पुढच्या रविवारी मी एकटाच रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन गेलो आणि खडकांवरचा एकेक आकडा घासून काढला. हात सोलवटले. गुरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला लांबून पाहिलं, पण हाक मारली नाही.

होळीच्या आधी मी पुन्हा गेलो, ते सांगून टाकायचं असं पक्कं ठरवून. अख्ख्या रस्त्यात वाक्यं जुळवत होतो. अंगणात पोचलो तर पाड्यावरची पाच-सात माणसं जमली आणि काकाने माझ्या हातात नारळ दिला. मुंबईच्या दादाने साहेबाला भेटून आकडे रद्द करवले आणि स्वतःच्या हाताने पुसले, असं त्या गुरं चारणाऱ्या म्हाताऱ्याकडून सगळीकडे पसरलं होतं. सगळे गेल्यावर सांगू, असं मी ठरवलं.

सगळे गेले. काका खाली बघत म्हणाला, “आकडं पुसलं, म्हंजे झाड ऱ्हायलं असतं. मीच घाई केली.”

मावशी दारात उभी होती. ती त्याच्याकडे न बघता माझ्याशी बोलली. “लगीन झाल्यापासनं येक दिस ह्यांच्यासंगं अबोला धरला नव्हता. आता दीड म्हयना झाला. जेवान वाढते, बोलत नाय.”

माझ्या एका वाक्याचं काम होतं. ‘तुमची चूक नाही, आकडा मी टाकला.’ तेवढ्यावर तो माणूस आपल्याच घरात सुटला असता. मला शिव्या पडल्या असत्या, कदाचित खोरं बंद झालं असतं. यापलीकडे माझं काय जाणार होतं? मी तोंड उघडलं आणि विचारलं, “पाणी मिळेल का?”

पाण्याबरोबर ती एक लहान चिनी मातीची बरणी घेऊन आली. त्या झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं, गेल्या वर्षी घातलेलं. एवढंच उरलं होतं.

“ह्यांना नाय घालनार मी,” ती म्हणाली. “ज्यानं झाड मारलं त्याच्या पानात नको. तुमी न्या, दादा.”

मी नको म्हटलं, एकदाच, आणि तेही हळू. मग घेतली. वाटेत बरणी हलून फुटू नये म्हणून काकाने पुढे होऊन दोन्ही हातांनी सायकल धरली, आणि मी ती कॅरिअरला घट्ट बांधली.