पळायचं राहिलं होतं

भवानी पेठेत एका बाईंकडून मी दर रविवारी दहा कडक भाकरी घेतो. त्यांचं नाव कधी विचारलं नाही. वय पन्नाशीचं असावं. प्रत्येक भाकरीवर त्या नखाने टिचकी मारतात, आवाज ऐकतात आणि मगच ती पिशवीत घालतात.

दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर ओळख होऊन त्यांनी दुसरं लग्न केलं. त्यावर कॉलेजच्या मुलांनी एक माहितीपट काढला. त्यात पहिल्या भेटीला बाई एसटी स्टँडवर होणाऱ्या नवऱ्याला लांबूनच ओळखतात आणि पळत जातात. मला शंका आली, म्हणून विचारलं, "हे असंच घडलं का?"

"न्हाय वो साहेब. मी वळखलंच न्हाय. फोटोत डोक्यावर केस होते की. फसवलं म्हणून परतीच्या गाडीत जाऊन बसले."

"त्याआधी मला म्हणाली, काका, जरा सरका," शेजारी भाकरी बांधणारे त्यांचे यजमान हसत म्हणाले. "मग मी फोन लावला."

"आवाज वळखला आणि उतरले. पण चालतच गेले. चारचौघांत लाज वाटली."

"म्हणजे पळणं खोटं. तुम्ही हरकत नाही घेतली?"

"कशाला? मनात त्या दिवशीच होतं की. राहिलं होतं, ते पिक्चरमधी करून घेतलं. आठ वेळा पळाले."

त्यांनी दहाव्या भाकरीवर टिचकी मारली, ऐकलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

घरी बायकोने विचारलं, "मग तो माहितीपट खरा की खोटा?"

"फोन दाखवायला हवा होता," मी म्हणालो. "बाकी खरा आहे."