खंडेनवमीला न उचललेला पाना

मारोतभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कामठीच्या विणकरांच्या साड्यांचे गठ्ठे आपल्या पिकअपमधून नागपूरला पोचवत. गाडी नवी होती. घरच्या गायीला जपावं तसं ते तिला जपत.

ब्याऐंशी साली खंडेनवमीला ते गाडी पूजेसाठी बाबनराव मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. पाने, हातोड्या, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं. बाबनराव म्हणाला, कंपनीचा निरोप आहे. या खेपेच्या गाड्यांचा स्टिअरिंगचा रॉड कच्चा निघाला, फुकट बदलून द्यायचा आहे. नवा रॉड आला आहे, आत्ताच बसवतो. त्यानं पाना घ्यायला हात पुढे केला, तर भाऊजींनी त्याचा हात धरला.

"पूजेतला पाना काहून उचलून राहिला गा?"

"देवाची माफी मी मागतो. नाहीतर गाडी इथंच सोडून जा."

"उद्या प्रेमिलाले सोनं द्याले माहेरी न्याचं आहे. दसरा होऊ दे, मग आणतो."

त्या दिवशी आमच्याकडे विळीसुद्धा पूजेत असते, भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवतो. भाऊजींनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोला, प्रेमिलाला, किंवा आम्हा कोणालाच वावगं वाटलं नाही.

दसऱ्याला झेंडूची माळ घातलेल्या गाडीतून दोघं तिच्या माहेरी, मौद्याला गेले. परत येताना एका वळणावर स्टिअरिंग हातात मोकळंच फिरलं. ब्रेक लागेपर्यंत गाडी बाभळीवर गेली, प्रेमिलाच्या बाजूनं. दवाखान्यात नेईपर्यंत ती राहिली नाही. माहेरची आपट्याची पानं पदरात तशीच होती.

कंपनीचा माणूस येऊन गेला. निरोप दिला होता, एवढंच म्हणाला. ते खरंच होतं.

भाऊजींनी पुन्हा गाडी चालवली नाही. जकात नाक्यावर बसून राहत. तसली पिकअप दिसली की हात दाखवून थांबवत आणि रॉड बदलला का म्हणून विचारत. कोणी ड्रायव्हर हसून म्हणे, "काय गा मारोतराव, कंपनीनं नोकरी देली का?" ते गाडीखाली वाकून पाहत.

देवळात यायचं त्यांनी सोडलं होतं. एका शनिवारी मी म्हटलं, देवावर असा राग धरू नका.

"राग नाही वहिनी. बाबनरावाच्या तोंडून त्यानं सांगतलंच होतं. म्याच ऐकलं नाही. आता कोणत्या तोंडानं समोर उभा राहू?"

नंतर मी त्यांना देवळात बोलावलं नाही. नाक्यावर डबा तेवढा नेऊन देत राहिले.