न चुकलेला नेम

सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. अमेरिकेतला त्यांचा मेव्हणा जाड गोळीच्या एअर रायफलीसाठी खास नळ्या बनवून घेतो, गोळ्या बदलून बघतो आणि टार्गेटचे फोटो पाठवतो. हे इथून स्ट्रॉ डोळ्याला लावून त्याला फोनवर शिकवतात. छिद्रं जवळजवळ पडली की सल्ला यांचा, फाकली की हात मेव्हण्याचा. इथे असली बंदूक घरी ठेवता येत नाही, त्यामुळे यांचा नेम आजवर एकदाही चुकलेला नाही.

परवा मेव्हण्याने यांनी सांगितलेल्या हलक्या गोळ्या सोडून जड वापरल्या, तर सगळ्या एकाच भोकातून गेल्या. यांनी फोटो मोठा करून बघितला, कॉफीचा घोट घेतला आणि हे त्याला फोनवर शांतपणे म्हणाले, "मला न विचारता केलंस ना? मग ही टेस्ट धरायची नाही."