मंगळवार पेठेतली नूला

संयोगिताआक्काचा आवाज तालमीपासून चौकापर्यंत पोहोचतो, हे मंगळवार पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. दारालगतच्या खोलीत तिची शिलाई मशीन. ब्लाउज शिवून घ्यायला बायका पार गारगोटीहून येतात आणि माप देता देता चार शब्द ऐकूनही जातात. "एवढा मोठा गळा? सासूनं इचारलं तर काय सांगणार, उंदरानं कुरतडला?" असं ती म्हणते. बाई लाजते, हसते, आणि पुढच्या सणाला परत येते.

वडील गेले तेव्हा ती बारावीला होती आणि धाकटा भाऊ राजवर्धन दुसरीत. तेव्हापासून ती मशीनवर बसली. भावाला शिकवलं, इंजिनियर केलं. तो आयर्लंडातल्या कॉर्क शहरात औषधांच्या कंपनीत लागला, तेव्हा गल्लीत पेढे तिनंच वाटले. तिनं स्वतः लग्न केलं नाही. का, ते विचारायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

राजवर्धननं तिकडेच तिथल्या एका मुलीशी लग्न केलं. तिचं नाव शिव्हॉन. सासूबाईंनी, म्हणजे तानाबाईंनी, पहिल्याच भेटीत तिची शिवानी करून टाकली आणि मग सगळी गल्ली शिवानीच म्हणू लागली. गेल्या वर्षी तानाबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. राजवर्धन घरून काम करायची परवानगी काढून बायकोसह कोल्हापुरात आला, आणि त्यांची मुलगी इथंच जन्मली.

नाव ठेवायचा मान आत्याचा. आक्काच्या मनात तेजस्वी हे नाव भावाच्या लग्नापासून पक्कं होतं. बारशाची तयारी सुरू झाली तशी शिव्हॉन बाळाला मांडीवर घेऊन तिच्यासमोर येऊन बसली. तिचं मराठी गल्लीतच शिकलेलं, त्यामुळं वळण अस्सल.

"आक्का, नाव तुमीच ठेवा. पण आमच्याकडचं ठेवा. जुनं, आयरिश."

"का गं? आमच्यातली नावं संपली व्हय?"

"तसं न्हाय. आडनाव तुमचं, घर तुमचं, भाषा पण ही तुमचीच शिकंल. एक नाव तरी माझ्या आजीच्या गावचं असू दे." तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "आणि दोन्हीकडं नीट म्हणता येईल असं बघा. मला इथं सगळी शिवानी म्हणतात. राग न्हाय आक्का. पण पहिल्यांदा आले तेव्हा कुणी हाक मारली की मला कळायचंच न्हाय, मलाच बोलावतायत."

आक्का उठून मशीनवर बसली. एक बाही उलटी जोडली, उसवली, परत उलटीच जोडली. मग पाय थांबवून तिनं हाक मारली, "ये इकडं. तुझं नाव परत म्हण बघू."

"शिव्हॉन."

"शि-व्हॉन. शिव्हॉन. आगं, येतंय की मला! इतकी वर्सं का म्हटलं न्हाय आमी?"

"तुमी विचारलंच न्हाय," शिव्हॉन म्हणाली, आणि दोघी एकदमच हसल्या. आक्काच्या मनातून तेजस्वी गेलं नव्हतं, पण तिनं त्याचा उच्चार केला नाही.

संध्याकाळी राजवर्धन मोबाइल घेऊन बसला. आयरिश नावांची गंमत अशी, की लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. तो अक्षर लावून 'आओइफे' वाचायचा आणि शिव्हॉन म्हणायची, "ईफा." तो 'निआम्ह' म्हणायचा, ती म्हणायची, "नीव्ह."

"मग मधली अक्षरं कशाला घातलीत?" आक्कानं विचारलं. "अस्तर म्हणून?"

अर्थ बरे होते, उच्चार गोड होते, पण तिचं समाधान होईना. शेवटी ती उठली. "असं बसून नाव कळत न्हाय. नाव हाक मारायला असतंय. चला दारात."

उंबऱ्यात उभं राहून तिनं तोंडाला हात लावले आणि पहिली हाक दिली, "नीऽव्ह!" शेवटचा 'व्ह' तिच्या ओठातच विरला. "ही पोरगी पार चौकात, दुधाच्या कट्ट्यावर खेळत असली तर हिला काय ऐकू येणार? पुढचं सांग."

"सिर्शा."

"सिर्शाऽ!"

समोरच्या खिडकीतून शालूबाईंनी डोकं बाहेर काढलं. "काय झालं गं? शिरशिरी आली? आल्याचा चहा टाकू?"

शिव्हॉननं पुढचं नाव सांगितलं, ऑन्या. खूप जुनं, तेजाचं नाव आहे म्हणाली. तेज म्हटल्यावर आक्का खूश झाली. तिनं छाती भरून हाक मारली, "ऑन्याऽ!" आणि पलीकडच्या दारातून रिक्षावाला अनंता, ज्याला सगळी गल्ली अन्या म्हणते, बनियनवर धावत आला. "आलो आलो! कुठं सोडायचं?"

राजवर्धन पायरीवर बसून पोट धरून हसत होता. अनंताही मग घरी गेला नाही. पुढचं काय होतंय ते बघत रिक्षाला टेकून उभा राहिला.

"आजीच्या गावात एक नाव लई चालायचं," शिव्हॉन म्हणाली. "नूला."

आक्कानं हाक दिली. "नूऽलाऽ!" नाव गल्लीतून सरळ चौकाकडं गेलं, कुठंही न अडखळता.

आणि आतल्या खोलीतून तानाबाईंचा आवाज आला, "कोन चाललंय गं नूलला? थांबा, मी बी येते!"

तानाबाईंचं माहेर गडहिंग्लजजवळचं नूल. थोरला भाऊ वारल्यापासून त्या तिकडं गेल्या नव्हत्या, आणि खुबा मोडल्यावर तर विषयच काढत नव्हत्या. आता त्या वॉकर टेकत टेकत बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर नीट करून, पायात चप्पलसुद्धा घातलेली.

"आई, कुणी कुठं न्हाय चाललं," राजवर्धन म्हणाला. "पोरीचं नाव बघतोय. नूला."

"माज्या गावचं नाव? पोरीला?" तानाबाई शिव्हॉनकडं बघत राहिल्या. "तुला कुनी सांगितलं गं?"

"आई, हे आमच्याकडचं नाव हाय. अर्थ, गोऱ्या खांद्याची."

तानाबाईंनी दुपटं बाजूला सारून नातीचा खांदा उघडा केला, नीट निरखला. "सावळा हाय की. माज्यावर गेलीय." मग परत झाकला. "असू दे. अर्थ कोन बघतंय? नूला. नूला गं, ए नूला." दात नसलेल्या तोंडातून नाव अगदी स्वच्छ आलं.

आक्का आईकडं बघत होती. आईच्या तोंडावर इतकी कळा तिनं बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. "ठरलं," ती म्हणाली. "हेच ठेवायचं."

बारशाला घर भरलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, ताटात घुगऱ्या. आक्का पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' केलं आणि नाव सांगितलं. कोल्हापूरच्या बायकांचे हात ते. पाठीवर असे धपाधप बसले की तिला तिथंच खोकला आला. "नाव सांग! मोठ्यांदा सांग!"

"नूला!"

"काय? नूला?" शालूबाईंनी एकदा घोळवून पाहिलं. "बरं हाय की. सोपं हाय." आणि पाळण्याच्या पुढच्या कडव्यात त्यांनी ते आपसूक बसवूनही टाकलं. कॉर्कहून शिव्हॉनची आई फोनवर बघत होती. इकडच्या बायका एका सुरात तिच्या गावचं नाव घेतायत, हे ऐकून तिनं रुमाल शोधला.

तानाबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. चप्पल एकदा घातली ती घातली. पुढच्या रविवारी सगळ्यांना अनंताच्या मेहुण्याची गाडी करून नूलला जावंच लागलं. तिथं भाचे जमले, शेजारपाजार जमला, आणि नाव ऐकताच एका म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "म्हंजे पोरगी आमच्या गावची!"

"न्हाय, न्हाय," शिव्हॉन म्हणाली. "नाव आमचं हाय, आजोबा."

"असं कसं? पाटी बघा की येशीवरची!"

दोघांची चांगलीच जुंपली. राजवर्धन मध्ये पडायला गेला तर दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. शेवटी बाळाला खांद्यावर टाकून आक्का पुढं झाली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भांडू नका. नाव ठेवलंय मी. आता जेवायला वाढा, आई कवाची पानावर बसलीय."