जी नाव घेईल तिलाच

मागच्या रविवारी तुमच्यापैकी धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, तू देवाचं नाव घेतेस का गं?" मी "घेते की" म्हणाले आणि घाईघाईने तिकडच्या थंडीची चौकशी केली. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तिथेच बसून राहिले. माझं उत्तर खरं होतं की खोटं, ते माझं मलाच कळेना. तुम्हाला माहीत आहे, मला गोंधळ आवडत नाही. माझ्या मसाल्याच्या डब्यांवर नावं असतात, कपाटातल्या घड्या एका मापाच्या असतात. पण या एका बाबतीत माझ्या मनात आजही सगळं अस्ताव्यस्त पडलेलं आहे. ते आवरता येईल असं वाटत नाही. जसं आहे तसं लिहून पाठवते.

तुमचे आजोबा गेले त्यानंतरची गोष्ट. एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं. मी शाळेतून निवृत्त झाले होते, आणि देवघरात दिवा लावत असले तरी तोंडातून नाव निघत नव्हतं. समोर कोणी ऐकतंय असं वाटेनासं झालं होतं. त्या दिवसांत वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावाबाहेर एक शुश्रूषाघर सुरू झालं होतं. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, त्यांचं दुखणं कमी करायचं आणि शेवटचे दिवस शांतपणे जाऊ द्यायचे, एवढंच तिथलं काम. आठ खाटा, पुढे लांब वऱ्हांडा, वऱ्हांड्यात पाण्याचा रांजण. तिथल्या मुख्य परिचारिका रत्नाताई माझ्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. आमच्या वह्या तेवढ्या सांभाळा." मी आठवड्यातून चार दिवस जाऊ लागले.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली. ती आजवर मी तुमच्या आईलाही सांगितलेली नाही. स्टेशनवर एक ओळखीचे गृहस्थ भेटले. बोलता बोलता मी म्हणून गेले, की अमक्या गावच्या दुकानदारांना घशाचा कॅन्सर आहे, आमच्याकडेच आहेत, फार सोसतात बिचारे. माझ्या मनात नुसती कणव होती. पण आठ दिवसांत ती गोष्ट त्यांच्या गावात पोचली. लोकांनी त्यांच्या दुकानातून गूळ नेणं बंद केलं, तेल नेणं बंद केलं. कॅन्सर हाताला लागतो अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. मग एका सकाळी त्यांचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि त्यांना घरी घेऊन गेला. दुखण्यावरचं औषध इथेच राहिलं. त्यांचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. ते जाताना माझ्याकडे बघून हसले होते. बोलणारी मी होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी सगळं कुलूपबंद केलं. खाटेवरच्या नावाच्या पाट्या काढून नुसते आकडे लावले. कागद लोखंडी कपाटात गेले आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला. नवा माणूस भरती झाला की त्याला विचारायचं, तुमची माहिती कोणाला द्यायची, कोणाला नाही. त्याचं उत्तर वहीत लिहायचं आणि वही बघितल्याशिवाय कोणापुढेही तोंड उघडायचं नाही. वही मी इंग्रजीत लिहू लागले. झाडलोट करणाऱ्या बाईने किंवा कुणाच्या पाहुण्याने उघडून पाहिली तरी वाचता येऊ नये म्हणून. इंग्रजी हे माझं दुसरं कुलूप होतं, आणि त्याचा मला जरा अभिमानच होता. रत्नाताई म्हणायच्या, "पेशंट जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहा हो." मी मनात म्हणायची, त्यांचं बोलणं विस्कळीत असतं, मी ते नीट करून लिहिते, यात चूक काय?

पाच नंबरच्या खाटेवर गुलाबराव आले ते हिंगणघाटकडच्या एका गावाहून. भाजीपाला पिकवणारे, पन्नाशीचे, हाडं दिसायला लागलेली, पण बोलणं मिश्कील. मुलीचं लग्न ठरलेलं होतं. आपला आजार सोयऱ्यांना कळला तर लग्न मोडेल, या एकाच धाकाने ते इतक्या दूर, कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी आले होते. मी वही उघडून माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ते हसून म्हणाले, "जे माह्यं नाव घेईन, तिलेच सांगजा, बाई. दुसऱ्या कोनालेच नाई." मी ते इंग्रजीत नीटनेटकं लिहिलं. त्याचा अर्थ असा, की जी व्यक्ती रुग्णाचं नाव सांगेल तिला माहिती द्यावी.

काही दिवसांनी रत्नाताई औषधं आणायला वर्ध्याला गेल्या होत्या. गुलाबरावांची रात्र वाईट गेली होती आणि सुईनंतर सकाळी त्यांना जरा झोप लागली होती. दहाच्या सुमारास पांढऱ्या मोटरसायकलवर एक इस्त्रीच्या कपड्यांतले गृहस्थ आले. मोठ्या अदबीने त्यांनी गुलाबरावांचं नाव सांगितलं, आडनावासकट, गावासकट. "त्यायचा पाहुणाच हावो मी. इथं उतरताना कोनीतरी पाह्यलं म्हने. तब्येत काय म्हनते? बिमारी काय हाये नेमकी?" नाव बरोबर होतं. तरी वही बघणं भाग होतं, म्हणून मी किल्लीला हात घातला. किल्ली जागेवर नव्हती. कमरेला नाही, पदराला नाही, टेबलावर नाही, पिशवीत नाही. मुलांनो, मी चाळीस वर्षांत किल्ली हरवलेली नाही. ते म्हणाले, "बाई, चाबी काय शोधून राह्यल्या, तोंडीच सांगा ना." पण वहीशिवाय बोलायचं नाही, हा माझाच नियम. शेवटी मी त्यांना चार वाजता यायला सांगितलं. ते जरा नाराजीनेच गेले.

दुपारी बाराच्या गाडीने एक बाई आली. हातात पिशवी, पिशवीत सांभाराची जुडी. तुमच्या तिकडे त्याला कोथिंबीर म्हणतात. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. दारातच उभी राहून तिने विचारलं, "आमचे हे अंदर हायेत काय?"

"हे म्हणजे कोण?"

"पोरीचे बाबा."

"कोणत्या पोरीचे?"

"आमच्या पोरीचे!" ती माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मीच जरा कमी शिकलेली आहे.

मी नाव विचारलं, ती गप्प. गाव विचारलं, ती आणखी गप्प. कागद पुढे केला तर म्हणाली, "लिवता येत नाई." मी तिला समजावलं, की नाव सांगितल्याशिवाय इथे कोणालाच काही सांगता येत नाही. "मंग मी इथंच बसतो," असं म्हणून ती वऱ्हांड्यात खांबाला टेकून बसली. मला तिचं वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. पण ते दुकानदार डोळ्यांपुढे होते. पुन्हा चूक करायची नव्हती. मी खुर्चीत ताठ बसून राहिले.

एवढ्यात फाटकातून एक म्हातारी आत आली, लुगडं नेसलेली, काखेत गाठोडं. "पानी भेटन काय वो?" म्हणत ती सरळ रांजणाकडेच गेली. पाणी पिऊन तिने आपली हकिगत सांगितली, "समुद्रपूरले जात होतो. पाटी वाचता येत नाई, भलत्याच गाडीत बसली. कंडक्टरबी असा येडा, सिंदी आल्यावर सांगते." मग तिने खांबाजवळच्या बाईकडे पाहिलं. "अन् तुले काय झालं वो? काऊन रडून राह्यली?"

ती बाई म्हणाली, "ह्या बाई नाव सांग म्हनतेत. त्यायचं नाव कसं सांगू मी? बावीस वर्षं झाले लग्नाले, कदी तोंडातून काढलं नाई. मांडवात बायानं किती जोर केला, तरी नाई घेतलं. हे अजूनबी चिडवतेत मले, एकदा तरी नाव घेजो म्हनून."

म्हातारी खदखदून हसली. "अवो, सांगाले कोन म्हनते? नाव घे ना! उखान्यात घे. उखान्यात घेतलेल्या नावाले काई दोष नाई लागत." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चालते ना वो बाई, उखान्यातलं?"

मी खुर्चीतून उठले. माझ्या कानात गुलाबरावांचं वाक्य वाजत होतं. जे माह्यं नाव घेईन, तिलेच. ते ‘तिले’ म्हणाले होते. मी तिथे ‘व्यक्ती’ लिहिलं होतं. ते ‘नाव घेणं’ म्हणाले होते, मी ‘नाव सांगणं’ लिहिलं होतं. माझ्या स्वच्छ इंग्रजीत त्यांची बायको कुठे पुसली गेली ते मला कळलंच नव्हतं. सकाळी किल्ली सापडली असती, तर वहीत बघून, नियमाप्रमाणे, मी त्या पांढऱ्या मोटरसायकलवाल्याला सगळं सांगून मोकळी झाले असते.

ती बाई उभी राहिली. पदर आणखी खाली ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि एका दमात म्हणाली,

"सांभाराची जुडी, हिरवी हिरवी पानं,
गुलाबरावांचं नाव घेतो, दार उघडा मानानं."

आतून, पाच नंबरच्या खिडकीतून, बारीक आवाज आला. "घेतलं बुवा एकदाचं. आता मराले मोकळा झालो मी."

"चूप बसा!" ती भिंतीकडे तोंड करूनच ओरडली, आणि मग धावत आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले. तिने सांभाराची जुडी त्यांच्या उशाशी ठेवली, ते ती हुंगत राहिले. मी पांढऱ्या मोटरसायकलची गोष्ट सांगितली तशी दोघांचे चेहरे उतरले. "नवरदेवाचा मामा," ती म्हणाली. गुलाबराव डोळे मिटून म्हणाले, "बाई, पंधरा दिवस राह्यले लग्नाले. आता तुमच्या हातात हाये."

मी बाहेर आले तर म्हातारी नव्हती. रांजणावर लोटा पालथा घातलेला होता. फाटकापर्यंत जाऊन पाहिलं, रस्त्यावर कोणी दिसलं नाही. गाडी आली असेल, गेली असेल. परत येऊन खुर्चीत बसताना कमरेला काहीतरी टोचलं. किल्ली तिथेच होती, जिथे रोज असते तिथेच. ती जागा मी सकाळी चार वेळा चाचपली होती, हे मी शपथेवर सांगू शकते. त्याहून जास्त मला काही सांगता येत नाही.

चार वाजता मामा आले. मी म्हणाले, "इथे कोण आहे आणि कोण नाही, हे आम्ही कोणालाच सांगत नाही." ते म्हणाले, "सकाळी तर सांगत होत्या!" मी म्हणाले, "सकाळी माझी चूक होत होती." ते "शिकलेल्या बायांचं काई समजत नाई" असं पुटपुटत निघून गेले. त्यांचं तरी काय चुकलं होतं? ज्या घरात सोयरीक करायची त्या घराची चौकशी माणूस करणारच. मी एका माणसाचा शब्द राखला आणि दुसऱ्या घरापासून एक गोष्ट लपवली. हे पूर्ण बरोबर होतं, असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

गुलाबराव त्यानंतर नवव्या दिवशी गेले. बायको उशाशी होती. लग्न झालं की नाही, मला ठाऊक नाही. गेलेल्या माणसाच्या घरची चौकशी करायची नाही, हाही नियम मीच केला होता. त्यांचं नाव मी इथे बदलून लिहिलं आहे. उखाणा तिचा आहे, पण त्यातलं नावही मीच बदललं. तुमच्यापाशीसुद्धा ते उघड करायचा मला हक्क नाही.

उखाणा झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी त्या वहीत पेशंटचं बोलणं त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत लिहू लागले. इंग्रजीचं कुलूप काढलं, लोखंडी तेवढं ठेवलं. आणि उखाण्याच्याच दिवशी संध्याकाळी देवघरात दिवा लावून बसले तेव्हा वाटलं, पूर्वी घ्यायची तेव्हाही मी देवाचं नाव नुसतं सांगत होते की काय, पत्ता सांगावा तसं? लाजत, अडखळत, दार उघडेल की नाही हे ठाऊक नसताना घ्यावं, तसं कधी घेतलंच नव्हतं. मग घेतलं. आतून कोणी काही बोललं नाही. पण खिडकी उघडी आहे असं वाटलं. आजही तेवढंच वाटतं, आणि तेवढ्यासाठी मी रोज घेते. आपल्या हाताने सगळं नीट लावून ठेवावं आणि तरीही आपली किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात आहे हे मानावं, एवढंच मी त्या दिवशी शिकले.

शुश्रूषाघरात भेटायला येणाऱ्यांची एक वेगळी वही होती. आलेल्या प्रत्येकाचं नाव मी त्यात लिहायची, एकही सुटू द्यायची नाही. त्या दिवसाच्या पानावर एक ओळ कोरी आहे. समुद्रपूरला निघालेल्या त्या म्हातारीला मी तिचं नाव विचारलंच नाही.