गडहिंग्लजची बिनसीटची गाडी

आधीच सांगून टाकते, मी घाबरट आहे. मोटारसायकलने दगड चढते म्हणून लोक मला धीट समजतात, तो त्यांचा गैरसमज. गाडी बघायला जायच्या आदल्या संध्याकाळपासून संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी सारखी विचारत होते की पिकअपच्या टायरमध्ये हवा भरलीस का. भरली होती. मित्राकडून मागून आणलेली पिकअप, दोर, जुनी गादी, सगळं तयार होतं. तयार नव्हती ती मीच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. दगड, ओढे, चढउतार यांवरून जमिनीला पाय न टेकवता गाडी हळूहळू न्यायची. गाडी हलकी असते आणि तिला सीटच नसते, सगळा वेळ उभंच राहायचं. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्या, त्यामुळे वापरलेलीच शोधावी लागते. गेल्या वर्षी एका दगडी उतारावरून खाली येताना मी पडले आणि डावा पाय घोट्याच्या वर मोडला. आत धातूची पट्टी घातली. हाड जुळलं, डॉक्टरांनी परवानगी दिली, पण तेव्हापासून उतार नुसता दिसला तरी हात गार पडतात. गडहिंग्लजकडे एक गाडी विकायला आहे असं कळलं तेव्हा मीच ठरवलं होतं: ही गाडी बघायची, तिच्यावरून एक उतार उतरायचा. जमलं तर गाडी घ्यायची, नाहीतर हा नाद कायमचा सोडायचा. संदीपने लगेच मान हलवली होती. इतकी लगेच की मला रागच आला.

सकाळी कोल्हापुरातून निघालो. कागलपर्यंत हायवे, मग मुरगूडचा फाटा. गडहिंग्लजला जायला संकेश्वरवरून हायवेचा रस्ता सोपा आहे, पण जाताना आम्ही मुरगूडवरून गेलो, कारण मला पोचायची घाई नव्हती. ऊसवाहतूक चालू असेल तर या रस्त्याने वेळ हाताशी ठेवूनच निघा. ट्रॉलीमागे अडकलात की अडकलात. मुरगूडला वडा आणि चहा घेतला, दोघांचं शंभराच्या आत भागलं. संदीपने माझाही वडा संपवला.

वाटेत मी मनातल्या मनात उजळणी करत होते. महिन्याभरापूर्वी शिरोळकडे एक गाडी बघितली होती. दिसायला छान, पण इंजिनातलं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. पुराच्या पाण्यात बुडून निघालेली होती. म्हणून या वेळी गाडीमालकांना फोनवर बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. तापलेलं इंजिन कुणाच्याही लाथेला सुरू होतं, खरं काय ते गार इंजिन सांगतं. आणखी एक: या गाड्यांचं पासिंग होत नाही, त्या रस्त्यावर चालवायच्या नाहीत, टेम्पोतूनच न्यायच्या. त्यामुळे परदेशातून आणल्याचे मूळ कागद मागून घ्या.

गाडीमालक मारुतीअण्णा गडहिंग्लजच्या पुढे राहतात. दुधाचा धंदा, दारात म्हशी, घराच्या मागे जांभ्या दगडाचा माळ. पन्नाशीचे असतील. खांदा दुखतो म्हणून गाडी विकायला काढली होती. त्यांनी संदीपला हाताला धरून खाटेवर बसवलं आणि गाडीविषयी सगळं त्यालाच सांगायला लागले. संदीप म्हणाला, "अण्णा, मला ती हलवतासुद्धा येत नाही. गाडी हिची आहे." अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग आत वळून अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चहाबरोबर पोहेही करायला सांगितले.

गाडी शेडमध्ये उभी होती. ती चकाचक होती. वापरलेली गाडी इतकी चमकली की मला धडकी भरते, कारण ऑइल कुठून गळतं, चीर कुठे गेली आहे, काहीच दिसत नाही. काय लपवलं असेल? मी गुडघ्यावर बसून फ्रेमचे सगळे जोड बोटाने चाचपले, चाकं हलवून बेअरिंग पाहिली, स्पोकच्या तारा एकेक वाजवल्या. इंजिनाखालच्या पत्र्याला पोचे होते, ते असणारच. ऑइल पाहिलं, स्वच्छ. इंजिनाला हात लावला, गार. दुसऱ्या किकला सुरू झालं. ब्रेकची लिव्हर दाबली, घट्ट लागली. तक्रारीला जागाच नव्हती, आणि आता उतार टाळायला सबबही उरली नव्हती.

नांगरलेल्या शेतात दोन चकरा मारल्या. मऊ मातीत गाडी आपोआपच थांबत होती. मग माळावर चढले. चढ मला कधीच भीती घालत नाही. वर पोचून गाडी वळवली आणि खाली बघितलं, तर संदीप खाटेवरून उठून उभा राहिलेला. उतार काही मोठा नव्हता. तरी स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि सोडली.

पुढचा ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. लिव्हर तशीच घट्ट, पण चाक धरतच नव्हतं. मागचा दाबला, तोही तसाच. गाडी वेग घ्यायला लागली आणि समोर शेडची भिंत. भिंतीच्या डाव्या अंगाला कडब्याची गंजी होती. मी अंग डावीकडे टाकलं, हँडल वळवलं आणि गाडीसकट गंजीत घुसले. पुढचं चाक कडब्यात रुतलं, इंजिन बंद पडलं आणि मी डाव्या पायावर उभी होते. त्याच पायावर, पूर्ण भार टाकून. ते लक्षात आल्यावर मला रडू फुटलं.

संदीप धावत आला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी ब्रेकच्या डिस्कला बोट लावलं आणि वास घेतला. डिझेल. अण्णांना विचारलं तर ते बुचकळ्यात पडले.

"व्हय की. पावणं येणार म्हणून काल ट्रॉलीत घालून धुवून आणली. तुमी चालू करू नगा म्हणलासा, म्हणून किकबी मारली न्हाय. ट्रॅक्टरवर डिझेल मारून घेतलं, तसं हिच्यावरबी मारलं. चकाकाय नगो व्हय?"

ट्रॅक्टर धुतला की गंज चढू नये, चमक यावी म्हणून वरून डिझेल फवारतात. अण्णांनी पाहुण्यांच्या मानाखातर गाडीलाही न्हाऊ घातलं होतं. ते डिझेल डिस्कवर बसलं, ब्रेकपॅडमध्ये मुरलं. वाचकहो, लिव्हर घट्ट लागली म्हणजे ब्रेक आहे असं समजू नका. सपाटीवर, कडक जमिनीवर आधी थांबवून बघा. मी नाही बघितलं.

काय झालं ते कळल्यावर अण्णा मटकन खाली बसले. अक्कांनी त्यांना कानडीत असं काही सुनावलं की अर्थ विचारायची गरज पडली नाही. मग अण्णा उठले, गंजीतली गाडी ओढत शेडमध्ये घेऊन गेले आणि कडी घालायला लागले. "न्हाय द्यायची गाडी. तुमचा पाय मोडला असता तर मी कुठं त्वांड दाखवू?"

संदीपच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट सुटका दिसली. मीही सुटलेच होते की, कुणालाही दोष न देता, परत कधी उतार न बघता. आणि तेव्हाच मला कळलं की ही गाडी मला हवी आहे. किती हवी आहे हे कळून मी आणखी घाबरले.

"अण्णा," मी म्हटलं, "नवीन पॅड असतील तर द्या. मी बदलते आणि परत उतरून दाखवते. मग हवं तर नाही म्हणा."

पॅड होते, सहजी मिळत नाहीत म्हणून जपून ठेवलेले. डिस्क पेट्रोलने पुसली, मग अक्कांनी चुलीवर तापवलेल्या पाण्यात साबण घालून घासली. अंगणात चाक जाग्यावर थांबतंय याची खात्री होईपर्यंत मी गाडी पुढे-मागे करत राहिले. 

दुसऱ्यांदा उतरले तेव्हा भीती गेली असेल असं तुम्हाला वाटेल. ती तशीच होती, उलट जास्त. पण ब्रेक धरत होता आणि मी हळू, फारच हळू, दगडादगडावर थांबत खाली आले. अण्णांनी स्वतःच पिकअपचा फाळका उघडला. किमतीची घासाघीस जेवणानंतर झाली, भाकरी आणि ठेचा खाऊन कुणाला ताठ राहता येत नाही.

येताना संकेश्वर-निपाणीचा हायवे धरला.  घरी गाडी उतरवून झाल्यावर संदीप पाणी प्यायला आणि म्हणाला, "खरं सांगू? अण्णांनी दिली नसती तर मला बरं वाटलं असतं."

मी म्हटलं, मला माहीत आहे. खरंच माहीत होतं. गेल्या वर्षी मला उचलून गाडीत घातलं होतं ते त्यानेच, तेव्हा माझा पाय कसा लोंबत होता ते मी पाहिलं नव्हतं, त्याने पाहिलं होतं. माझी भीती निदान उताराच्या तळाशी संपते, त्याची मी निघाल्यापासून परत येईपर्यंत चालू असते. हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं. तो आत गेला आणि मी गाडीवरचा कडबा काढत बसले.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. हातात फोन होता.

"रविवारी कुठल्या बाजूला जायचं ते सांग," तो म्हणाला. "पिकअप आत्ताच मागून ठेवतो."