काळ्या दोऱ्याचा टाका

माझ्या सासूच्या गोधड्यांना ब्रह्मपुरीच्या प्रदर्शनात एका साहेबाने चिंध्या म्हटलं आणि मी ते मुकाट ऐकून घेतलं. पुढे आमच्या अंगणात जे काही झालं ते या मुकाटपणाची भरपाई म्हणून झालं, हे आधीच सांगून टाकते.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. गावोगाव विकासाचे साहेब जीपमधून फिरायला लागले होते आणि दर दोन महिन्यांनी कसली ना कसली दवंडी व्हायची. त्या वर्षी धानाची कापणी संपली आणि बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरणार अशी दवंडी झाली. मी चौथी पास, लग्नाला तीन वर्षं झालेली. साहेबांचं बोलणं कळणारी गावात एकटी मीच, असा माझा समज होता. सासूला, म्हणजे आत्याला, न विचारता तिच्या दोन गोधड्या मी बैलगाडीत टाकल्या आणि नवऱ्याला घेऊन निघाले.

मांडवात सगळीकडे नवीकोरी कापडं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर गुलाबाची फुलं, उशीच्या अभ्र्यावर पोपट. नोंद करणाऱ्या साहेबाने गोधडीचं टोक दोन बोटांनी उचललं. म्हणाला, "या चिंध्या कशाला आणल्या? नवीन कापड घ्या आणि काहीतरी चांगलं शिवून आणा." आजूबाजूच्या बायका हसल्या. लाज वाटते सांगायला, त्यांच्याबरोबर मीही हसले.

घरी आल्यावर आत्याला सगळं सांगितलं, फक्त माझं हसणं गाळून. तिला साहेबाचा राग आला नाही, आश्चर्य वाटलं.

"नवं कापड फाडून गोधडी? नवं कापड त मयतीले फाडतेत वो माय!"

आणि ती तांदूळ पाखडायला बसली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. राग साहेबावर होता की स्वतःवर, ते मी तेव्हा तपासलं नाही. मी म्हटलं, आपणच लावू प्रदर्शन, आपल्या अंगणात. येऊ दे साऱ्या गावाला.

"गोधडी पाहाची गोष्ट हाय काय? पांघराची हाय," आत्या म्हणाली. पण नको म्हणाली नाही.

आत्या साऱ्या गावासाठी गोधड्या शिवायची. ज्याच्या त्याच्या घरून जुन्या कापडांचं गाठोडं यायचं, शिवून झालं की पायली-दोन पायली धान मिळायचं. वेशीबाहेरच्या वस्तीवरचं गाठोडं परसदाराने यायचं. त्यावर पाणी शिंपडायचं आणि मग आत घ्यायचं, अशी रीत होती. मीसुद्धा शिंपडलेलं आहे. नंतर सगळी कापडं एकाच घंगाळात उकळायची, एकाच दोरीवर वाळायची आणि एकाच पेटाऱ्यात जायची. एखाद्या घरचं कापड कमी पडलं की आत्या पेटाऱ्यात हात घालायची. हाताला येईल ते कोणाचं, हे ती बघत नसे. निदान मला तरी तसं वाटायचं.

मी घरोघर जाऊन अकरा गोधड्या मागून आणल्या. अंगण सारवलं, रस्त्याकडच्या ताटव्यावर, म्हणजे बांबूच्या कुंपणावर, एकेक पसरली. माझं चौथीचं शिक्षण कुठे तरी दिसायला हवं म्हणून वहीची पानं फाडून प्रत्येक घराचं नाव लिहिलं आणि बाभळीच्या काट्यांनी त्या चिठ्ठ्या गोधड्यांना टोचल्या. पुढच्या साऱ्या गोंधळाचं मूळ त्या चिठ्ठ्या, कारण एका गोधडीवर एकाच घराचं नाव आलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा म्हणतात तो हाच.

सगळ्यात देखणी गोधडी मालगुजारांच्या घरची. वरच्या बाजूला मालगुजारीणबाईंच्या शालूचे तुकडे, मधोमध त्यांच्या वारलेल्या सासऱ्यांचा जरीचा फेटा. बाई स्वतः आल्या, खाटेवर बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फेटा दाखवू लागल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मालगुजारी गेली होती, बाईंचा तोरा शाबूत होता. तरी मला त्या दिवशी त्यांचा अभिमानच वाटला. त्या साहेबाला ओढत आणून दाखवावं असं वाटलं.

दुपारपर्यंत अंगण भरलं. वस्तीवरच्या बायकाही आल्या आणि रस्त्यावरच थांबल्या. मी "सारं गाव या" असं सांगितलं होतं खरं, पण सारं म्हणताना त्या माझ्या मनात नव्हत्या. त्यांनी मात्र शब्द नीट ऐकला होता.

आता ताटव्यावर टाकलेली गोधडी कशी असते? शोभेची बाजू आम्ही अंगणाकडे केली होती. रस्त्याकडे होतं अस्तर. अंगाला लागते ती बाजू. ती पाहायची असते हे आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

रस्त्यावरून एक आवाज आला, "हे लुगडं माझं हाय."

वस्तीवरची एक बाई होती. पन्नाशीची, दरवर्षी धानाच्या रोवणीत आमच्या बांधीत, म्हणजे शेतात, सगळ्यांच्या पुढे असायची. मालगुजारांच्या गोधडीच्या अस्तरावर, एका विटक्या लाल तुकड्यावर तिने बोट ठेवलं होतं.

"कापणीत इळा लागला होता, म्हणून फाटलं. घरात लाल दोरा नव्हता, मी काळ्यानंच शिवलं. पाहा ना, हा टाका माझा हाय."

ती भांडायला आलेली नव्हती. जुनं ओळखीचं माणूस बाजारात भेटावं तशी खूश झाली होती. मालगुजारीणबाई खाटेवरून उठल्या, ताटव्याला वळसा घालून रस्त्यावर गेल्या, चिठ्ठी पाहिली, तुकडा पाहिला. आत्याला हाक मारली.

"बाई, हे खरं हाय काय?"

"टाका तिचा हाय, त लुगडंई तिचंच असंल," आत्या म्हणाली.

"बारा वर्सं झाली ही गोधडी आमच्या घरात! तिचं लुगडं माह्या अंगाले लावलं तू?"

"अस्तराले मऊ कापड लागते बाई. तुमचं कापड पेटीत राह्यते, थे कुठून मऊ होईन? मऊ थेच होते जे राबते."

खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. आम्ही काय पांघरतो, हा प्रश्न पहिल्यांदा मला पडला. साहेबाच्या दोन बोटांवर चिडलेली मी, आणि माझी बोटं पदराशी चाळा करत होती. आजूबाजूच्या बायकाही आपापल्या गोधडीचं अस्तर उलटून बघायला लागल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं.

"उसव तो तुकडा," मालगुजारीणबाई म्हणाल्या. "आत्ता, साऱ्यायच्या समोर."

वस्तीवरच्या बाईचा चेहरा उतरला. पण मागे सरकली नाही.

"उसवा," ती म्हणाली. "पण मंग माझं मले द्या. भुईवर टाकाचं नाई. माझ्या अंगावरचं हाय थे."

सगळ्यांच्या नजरा आत्याकडे. मला वाटलं, आता ही माफी मागेल. गावातली अर्धी गाठोडी मोठ्या घरांची. ती बंद झाली तर हिच्या हाताला काम उरणार नव्हतं. आत्या घरात गेली, कात्री घेऊन आली आणि मालगुजारीणबाईंपुढे धरली.

"मी शिवतो. उसवत नाई. तुमीच उसवा. आन येकच तुकडा काऊन? आत चार थर हायत. त्यात कोणाकोणाचं हाय थे मी सांगत नाई. तुमच्या सासऱ्याच्या फेट्याखाली कोण निजलं हाय, तुमीच पाहून घ्या."

म्हणजे तिला माहीत होतं! हाताला येईल ते उचलणारी ही बाई, एकेक तुकडा कुठे गेला ते बारा वर्षं पोटात ठेवून होती. त्या क्षणी माझी भीती गेली आणि अंगात काय संचारलं कोण जाणे. मी पुढे होऊन एक कोरी चिठ्ठी घेतली, त्या बाईला तिचं नाव विचारलं आणि लिहून मालगुजारांच्या चिठ्ठीशेजारी टोचली. दोन्ही नावं एका गोधडीवर. माझ्या शिक्षणाचा खरा उपयोग तेवढाच झाला असेल.

मालगुजारीणबाईंनी कात्रीला हात लावला नाही. गोधडीलाही नाही. तशाच तरातरा निघून गेल्या. मागोमाग अंगण रिकामं झालं. कोणी आपली गोधडी घडी करून नेली, कोणी आत्याकडे न बघता ओढून नेली. आमच्या घरच्या पुरुषांनी जो तमाशा केला तो सांगत नाही. "गोधड्या दाखवाची काय खाज होती तुले?" हे वाक्य मी पुढची वीस वर्षं ऐकलं. त्या हिवाळ्यात मोठ्या घरांचं एकही गाठोडं आलं नाही. आत्या रिकाम्या हाताने ओसरीवर बसायची आणि मला ते बघवायचं नाही. पण एकदाही ती "चुकलं" म्हणाली नाही, आणि मीही नाही.

मालगुजारांची गोधडी तीन दिवस ताटव्यावरच होती. मी आत आणायला गेले तर आत्याने हात धरला. "ज्याची हाय थो नेईन." चौथ्या दिवशी सकाळी ताटवा रिकामा होता. दोन्ही चिठ्ठ्या खाली पडलेल्या. वस्तीवर विचारलं, त्यांनी नेली नव्हती.

पुसाच्या महिन्यात कडाक्याची थंडी पडली. मी आणि ती वस्तीवरची बाई लाखोळीची भाजी खुडून परत येत होतो. घरासमोर बाईंचे नवरे, म्हातारे मालगुजार, कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसलेले. अंगाभोवती गोधडी, फेटा बाहेरून, अस्तर आतून. वस्तीवरची बाई थांबली. मी तिला कोपराने ढोसलं, चल म्हणून. ती हलली नाही.

"मालगुजार," तिने भर रस्त्यातून विचारलं, "माझं लुगडं गरम हाय ना?"

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. अस्तर चाचपलं. मग म्हणाले, "हाय बाई. बहुत गरम हाय."

आतून दार आपटल्याचा आवाज आला. म्हाताऱ्यांनी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली.